अकराव्या क्रमांकाची पांढरी जर्सी

मी, रवींद्र जानू रोकडे, राहणार मौजे अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, धंदा सायकलविक्री व दुरुस्ती, धर्म बौद्ध, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्रेचाळीस आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे चव्वेचाळीस, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर मला म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. मग त्यांनी माझ्या पत्नीला बाजूला घेतलं आणि तिच्याशी बराच वेळ बोलले. तेव्हा लिहून ठेवलेलं बरं.

मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, मी कसलीही नशा केलेली नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. डोक्यात गोंधळ मात्र आहे. "गोंधळ असला तर मृत्युपत्र कायद्याने चालतं का?" असं मी ॲडव्होकेट माधवी भोईर यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "रवीदादा, ज्यांचा गोंधळ नसतो ते माझ्याकडे येतच नाहीत. तुम्ही फक्त कोणाला काय द्यायचं ते स्पष्ट लिहा." तसा प्रयत्न करतो.

कलम १. अंजूरचं राहतं घर, पुढच्या ओट्यासह, माझ्यानंतर माझी पत्नी धम्मदिना हिच्या मालकीचं होईल. माझी आई शांताबाई हिला हयात असेपर्यंत पुढच्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. तिची खाट खिडकीजवळून हलवू नये. त्या खिडकीतून एके काळी खाडी दिसायची, आता गोदामाची निळी पत्र्याची भिंत दिसते. आईला तरीही तिथेच बसायचं असतं, आणि त्याचं कारण तिला विचारू नये.

कलम २. कल्याण नाक्याजवळचं दुकान भाड्याचं आहे, त्यामुळे ते देण्याचा प्रश्न नाही. आतलं सामान, हत्यारं, चाकाचा आऊट काढायचा म्हणजे वाकडं चाक सरळ करायचा स्टँड, आणि माझी शर्यतीची सायकल माझी मुलगी पूर्वी हिला मिळेल. सायकलचं सीट तिने आपल्या मापाने लावून घ्यावं. माझी खूण राहू द्यायची गरज नाही.

कलम ३. बँकेत आहे ते धम्मदिनाचं. त्यात वाद होण्याइतकं काही नाही.

कलम ४. हे कलम मी अनेकदा लिहिलं आणि फाडलं. घरातल्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, एक पांढरी जर्सी आहे. छातीवर एका टायर कंपनीचं नाव आहे. डाव्या खांद्यावर गुलाबी डाग आहे, त्याचा खुलासा कलम ५ मध्ये येईल.

माधवीताईंनी विचारलं, "वस्तूची अंदाजे किंमत काय लिहू?"

"माहीत नाही."

"म्हणजे फार आहे, की काहीच नाही?"

"तेच माहीत नाही."

"मग भावनिक मूल्य असं लिहू का?"

"नको. ते ऐकून माझे दाजी रडतील."

त्यांनी ती जागा कोरी सोडली. का सोडावी लागली, ते सांगणं भाग आहे.

माझे वडील भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. शाळेत असताना मी लूमवरून घडी घालायच्या कारखान्यात सायकलवर कापडाचे तागे पोचवायचो. ताग्यांखाली सायकल दिसायची नाही, फक्त माझं डोकं दिसायचं. पुढे ठाण्याच्या एका शर्यतीत मागून आणलेल्या सायकलवर पहिला आलो. तिथून राष्ट्रीय शिबिर, आणि तिथून मलेशियातली एक छोटी व्यावसायिक टीम. लग्न झालेलं होतं. २००७ साली आमची टीम इंडोनेशियातल्या आठ टप्प्यांच्या शर्यतीत उतरली.

अशा शर्यतीत सगळे टप्पे मिळून सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला पिवळी जर्सी देतात. आणि त्या वर्षी ज्यांचं वय पंचविसाच्या पुढे जात नाही, त्यांच्यातल्या पहिल्याला पांढरी. उत्तम तरुण सायकलपटू. वय जन्माच्या सालावरून धरतात, महिना बघत नाहीत. १९८२ चा असेल तो तरुण, १९८१ चा असेल तो नाही. माझ्या दाखल्यावर एक जून १९८२ आहे. आमच्या वर्गात बहुतेक सगळेच एक जूनचे होतो.

सहाव्या दिवशी ज्वालामुखीचा चढ होता. हवेत गंधकाचा वास, रस्ता भिंतीसारखा उभा. मोठे मोठे पुढे निघून गेले. मी मागे लोंबकळत राहिलो, पण सुटलो नाही. शेवटपर्यंत माझ्याबरोबर अदी नावाचा एक जण होता, तिथलाच, माझ्यासारखाच हडकुळा. शेवटच्या वळणावर त्याने मान वळवून मागे पाहिलं. मी पाहिलं नाही. सगळी शर्यत संपली तेव्हा तो माझ्यामागे नऊ सेकंद होता.

त्या संध्याकाळी आईला फोन केला.

"आई, मी जिंकलो."

"कितवा आलास?"

"अकरावा."

"तुझ्याफुडं धा जन हायेत आनि तू जिकलास?"

"ते मोठे आहेत, आई. तरुणांत मी पहिला."

"म्हंजे ते म्हातारे झाले म्हनून तुला दिला?"

मी हसलो होतो. आज अठरा वर्षांनी तेवढ्या सहज हसता येत नाही.

आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात त्याच रात्री बेल्जियमच्या एका टीमचा माणूस आला. त्याने पिवळ्या जर्सीवाल्याशी हात मिळवला आणि बोलायला माझ्याजवळ येऊन बसला. त्याला जिंकलेला माणूस नको होता, पुढे जिंकेल असा हवा होता. आमच्याकडे गोदामांसाठी जमिनी विकल्या जायला लागल्या तेव्हा खरेदीखताच्या आधी इसार द्यायचे. तसंच ते वाटलं. जमीन मी, आणि पीक अजून यायचं होतं. त्यांच्याकडे एकच जागा होती. दोन वर्षांचा करार झाला.

बेल्जियममध्ये मी वारा अडवला. टीमच्या मुख्य खेळाडूच्या पुढे राहून त्याला आडोसा द्यायचा, मागे टीमच्या गाडीपर्यंत जाऊन पाठीवरच्या खिशांत पाण्याच्या बाटल्या खुपसून आणायच्या आणि वाटायच्या. थंडीत बोटांना ब्रेक कळायचा नाही. कोणी वाईट वागलं नाही. एकदाच मॅनेजर म्हणाला, "रवी, तू चांगला आहेस. पण आम्ही ज्याला करारावर घेतलं तो अजून आलाच नाही." पूर्वीचा जन्म झाला तेव्हा मी तिकडेच होतो. करार संपला तसा अंजूरला परत आलो.

पिवळी जर्सी मिळालेल्याला लोक विचारतात, कसा जिंकलास? पांढरीवाल्याला विचारतात, पुढे काय? मी दुकान टाकलं, मुलगी शाळेत गेली, केस पिकले, तरी कोणी ना कोणी विचारायचंच.

इथपर्यंतचा गोंधळ मला पेलत होता. या दिवाळीनंतर रुग्णालयात केसपेपर काढायला गेलो. खिडकीवरच्या मुलीने वय विचारलं. मी म्हणालो, "त्रेचाळीस." मागच्या बाकड्यावरून आई म्हणाली, "चवेचाळीस लिव्हा."

"आई, दाखल्यावर त्रेचाळीस होतात."

"दाखला मास्तरानं लिव्हला. मास्तर म्हनला, एक जून टाकू या. तुझा बा म्हनला, टाका. मला कोन इचारलं?"

घरी आल्यावर तिला नीट विचारलं. तिने सांगितलं, की मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू व्हायच्या आधीच्या सहा डिसेंबरला ती मला घेऊन चैत्यभूमीला गेली होती. "तू मान धरत न्हवतास. तुझा मामा गिरनीतून परस्पर आला आनि तुला घेऊन रांगेत उभा ऱ्हायला. फुडच्या साली त्याची गिरनी बंद झाली, तो हितं लूमवर आला." संप सुरू झाला १९८२ च्या जानेवारीत. म्हणजे मी १९८१ चा.

शेजारच्या घरातून माझी आत्या गुणाबाई हे ऐकत होती. ती उठून आली.

"काय बोलतंस शांते? मांडीवर संगू व्हती. हा कुठं आलता तवा?" संगू म्हणजे माझी थोरली बहीण संघरत्ना.

"संगूच्या येळंला माझं पाय सुजलं व्हतं. मी गेलीच न्हाय."

"गेलीस. मी व्हती संगं. वाटंत भजी मागितलीस."

"भजी याच्या येळंला!"

दोघी कडाकडा भांडल्या आणि मग एका किटलीतला चहा प्यायल्या. मी मात्र ओट्यावर हिशेब मांडत बसलो. आई खरी असेल तर मी तरुणांच्या यादीत नव्हतोच. मग जर्सी अदीची. आणि जर्सीमुळे मिळालेली बेल्जियमची जागाही अदीची. आत्या खरी असेल तर काहीच घडलेलं नाही. कोणी खोटेपणा केला म्हणावं तर मास्तर भला माणूस होता. परत करावी म्हटलं तर ती शर्यत भरवणारी संस्थाच केव्हाची बंद पडली.

पूर्वीने इंटरनेटवर अदीला शोधून काढलं. तो आता कोंबड्या पाळतो. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोललो, ते मराठीत देतो. मी सगळं सांगितलं. फोनमध्ये मागे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"म्हणजे मी जिंकलो होतो?"

"कदाचित."

"कदाचित म्हणजे काय?"

"आई हो म्हणते. आत्या नाही म्हणते."

तो म्हणाला, "रवी, काही वर्षं मी तुझा फार राग केला. त्या नऊ सेकंदांचा. मग विसरून गेलो. आता तू फोन केलास, तर थोडा पुन्हा आला."

"येऊ दे. बरोबर आहे."

"थांब. तू बेल्जियमला गेलास त्या वर्षी माझे वडील अंथरुणाला खिळले. शेवटपर्यंत मी त्यांच्याजवळ होतो. मी तिकडे गेलो असतो तर नसतो. मग तू माझं घेतलंस की मला दिलंस?"

"मला कळत नाही."

"मलाही नाही. आणि एक सांगू? माझीही तारीख शाळेत जाताना लिहिलेली आहे. आई म्हणते, ज्वालामुखी फुटला त्या वर्षी तू झालास. कुठला ज्वालामुखी ते सांगत नाही."

"तुमच्याकडे किती आहेत?"

"पुष्कळ."

तेव्हा दोघंही हसलो, आणि बराच वेळ हसलो. जर्सी पाठवू का विचारलं तर म्हणाला, "माझं पोट बघितलंस का? ठेव तुझ्याकडेच. पण तुझा फोन आला होता, हे मी बायकोला सांगणार."

राहिली पूर्वी. ती सतरा वर्षांची आहे. तिच्या जन्माची तारीख, वेळ, वजन सगळं ठाण्याच्या रुग्णालयात नोंदलेलं आहे, त्याबद्दल कोणी भांडू शकत नाही. पुढच्या महिन्यात तिची पहिली टप्प्यांची शर्यत आहे. तिने मला विचारलं, "पप्पा, मी पांढऱ्या जर्सीसाठी चालवू, की टीमच्या ताईला पिवळी मिळावी म्हणून तिच्यासाठी वारा अडवू?"

"पांढरी मिळाली तर लोक तुझ्याकडे बघतील."

"बघतील म्हणजे काय करतील?"

या एका प्रश्नाचं उत्तर मुलीला द्यायला जगात माझ्याहून लायक माणूस नसेल, आणि मी पंपाची नळी हातात घेऊन नुसता उभा होतो. शेवटी म्हणालो, "माझी जर्सी तुला ठेवतो." ती टायर बसवत होती, मान वर न करता म्हणाली, "नको. ती कोणाची ते तुम्हालाच माहीत नाही. मला लागली तर मी माझी आणीन."

कलम ५. माझे दाजी, म्हणजे संघरत्नाचे यजमान, यांच्याबद्दल. दाजींनी एका धुळवडीला मला न विचारता ती जर्सी घातली आणि 'चॅम्पियनचा मेहुणा' म्हणून गल्लीभर नाचले. गुलाबी डाग तो. त्याआधी त्यांनी नाक्यावर माझा फलक लावला होता, त्यावर 'विश्वविजेता' असं लिहिलं होतं. मी अकरावा होतो हे मी त्यांना वेळोवेळी सांगितलं. ते म्हणतात, "अकरा आकडा फलकावर बरा दिसत नाही." हे मी त्यांना माफ केलेलं नाही. पण पूर्वीच्या जन्माच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा धम्मदिनाला टेम्पोत घालून ठाण्यापर्यंत दाजींनीच नेलं, आणि मी परदेशात होतो. म्हणून राग नक्की किती ठेवावा, हे ठरत नाही. माझं बेल्जियमचं पावसाळी जाकीट त्यांना द्यावं. त्यांना ते होणार नाही. तरी द्यावं.

कलम ६. माझा अंत्यविधी साधा करावा. त्रिशरण-पंचशील पुरे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दाजींनी भाषण करू नये. केलंच तर त्यात 'अकरावा' हा शब्द आला पाहिजे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी संघरत्नाने करावी, एकटीने.

कलम ७. इथे मृत्युपत्र संपायचं होतं. पण मसुदा वाचून माधवीताई म्हणाल्या, "कलम चारमध्ये तुम्ही सगळं सांगितलं, जर्सी कोणाला ते सांगितलंच नाही." कागद घेऊन घरी आलो. धम्मदिना दापोड्याच्या गोदामात ड्युटीला असते, दिवसभर खोक्यांवरचे पट्टे स्कॅन करते. ती आली, हात धुतले आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच सगळी कलमं वाचली.

"घरापुढे माझं नाव आहे," ती म्हणाली. "बँकेपुढे आहे. जर्सीपुढे नाही."

"तुला हवी आहे?"

"आईला विचारलंत, आत्याला विचारलंत. त्या अदीला तिकडे फोन केलात. पूर्वीला विचारलंत. मी याच घरात होते."

मी म्हणालो, "अगं, पण ती माझी की त्याची, हेच अजून ठरत नाही."

"नका ठरवू. तुम्ही दोन वर्षं तिकडे वारा अडवत होता. इथे पोटुशी मी एकटी, मग तान्ही पोर, आईंचं दुखणं. तुमचा अदी त्याच्या घरी होता, तुम्ही अदीच्या जागेवर होता. मग तुमच्या जागेवर कोण होतं? तेवढं सांगा."

तिचं वय तेव्हा बावीस होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा मोजावंसं वाटलं.

तरी सदर पांढरी जर्सी, डागासह, मी धम्मदिना रवींद्र रोकडे हिला देत आहे. माझ्यानंतर नाही, आजपासूनच. ती तिने जपावी, घालावी, विकावी किंवा तिची फरशी पुसायची फडकी करावीत. त्यावर माझा, अदीचा, पूर्वीचा वा दाजींचा कसलाही हक्क राहणार नाही. किमतीची जागा कोरीच ठेवावी. भरायची असेल तर ती भरेल.

मी विचारलं, "काय करणार तिचं?"

ती म्हणाली, "आधी मला सायकल शिकवा."

सायकलवाल्याची बायको, सायकलवालीची आई, आणि तिला सायकल येत नव्हती. हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला डॉक्टरांनी पळायला मनाई केली आहे. म्हणून आज सकाळी पूर्वी तिच्याबरोबर धावली आणि मी खाडीकडच्या रस्त्यावर मोरीच्या कठड्यावर बसलो. रविवार असल्याने कंटेनर कमी होते. बक्षिसाच्या मंचावर घालायच्या जर्सीची चेन पाठीवर असते, ती दुसऱ्याने लावावी लागते. ड्रेसवरूनच तिने जर्सी घातली आणि पाठ माझ्याकडे केली. चेन मी लावली.

दोनदा पडली. तिसऱ्यांदा निघाली ती सरळ गेली, फार हळू, हँडल घट्ट धरून, धावणारी पूर्वी मागे राहिली तरी ती चालवत राहिली. तिला वळता येत नाही. शेवटच्या गोदामापाशी ती उतरली, सायकल हाताने उचलून फिरवली, पुन्हा बसली आणि माझ्या दिशेने आली. तोंडाने काहीतरी म्हणत होती, वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. वळायचं उद्या शिकवायचं ठरलं आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, जितका समजला तितका समजून घेतला, आणि दोन साक्षीदारांच्या समक्ष मी, व माझ्या समक्ष त्यांनी, खाली सह्या केल्या आहेत.

ठिकाण: अंजूर, तालुका भिवंडी
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार

मृत्युपत्र करणार
(सही) रवींद्र जानू रोकडे

साक्षीदार
१. (सही) सुगत भिवा अहिरे, राहणार दापोडे
२. (सही) हिरामण बाळू तरे, राहणार अंजूर. मी सकाळी रस्त्यावर होतो. वहिनी दोनदा नाही, एकदाच पडल्या.